सात खिडक्यांचं पान

मिरजगाव, ता. कर्जत, जि. अहिल्यानगर

चि. ताईस,


तू पाठवलेलं टेम्पलेटांचं फोल्डर सगळं उघडून पाहिलं. बाळाचा रोज एक फोटो काढायचा, आठवड्याच्या फोटोंचं एक पान लावायचं आणि वर्ष झालं की त्याचं पुस्तक छापून घ्यायचं, हा बेत मला पसंत आहे. "अण्णा, यातलं कुठलं घेऊ?" असं तू विचारलंस. फोनवर ते नीट सांगता आलं नसतं, म्हणून लिहायला बसलो. खरं सांगायचं तर त्यातली बहुतेक पानं मी घेणार नाही. कुठे बर्फ पडतोय, कुठे भोपळे मांडलेत, कुठे लोकरीची टोपी घातलेलं अस्वल. महाशिवरात्रीच्या आधीच ऊन चटके देतं अशा आपल्या मुलखातलं बाळ त्या बर्फात बसून काय करणार?

हसू नकोस, फोटोच्या दुकानात आम्हीही हेच करून पोट भरलंय. लग्नाच्या करिझ्मा अल्बमचा जमाना आला तेव्हा फोटोशॉपच्या पीएसडी फायलींच्या डीव्हीडी मिळायला लागल्या. बारा बाय छत्तीसची शीट, तयार बॅकग्राउंड, तयार मास्क. फोटो आत टाकला की पान झालं. मग माहीजळगावची नवरी स्वित्झर्लंडच्या तळ्याकाठी हंसांच्या शेजारी आणि नवरदेव आयफेल टॉवरखाली. खाली इंग्रजीत प्रेमाच्या ओळी, ज्या दोन्हीकडच्या वऱ्हाडात कुणी वाचल्या नसतील. लोकांना ते आवडायचं, आणि दाट तिथीला आम्हालाही तेच परवडायचं. पण आज तोच अल्बम घेऊन कुणी दुकानात आलं, की काय शोधतात माहीत आहे? हंस कुणी बघत नाही. पंगतीत बसलेली चुलती शोधतात, जी आता नाही. "हिचा एवढा फोटो मोठा करून द्या." आणि ती सापडते कुठल्यातरी शीटवर कोपऱ्यातल्या दीड इंची खिडकीत, निम्मी कापलेली, कारण खिडकी उभी होती आणि फोटो आडवा. नाहीतर शीटच्या मधल्या घडीत तिचं नाक गेलेलं असतं.

म्हणून टेम्पलेट निवडताना मी नक्षी बघत नाही, खिडक्या, म्हणजे फोटो बसायच्या जागा बघतो. तुझा मोबाइल बहुतेक फोटो चारास तीनच्या मापात काढतो. खिडकी चौकोनी असेल तर दोन्ही बाजूंनी कातर लागणार, हे फोटो काढतानाच डोक्यात ठेवावं लागतं. आडवा फोटो उभ्या खिडकीत बसवायचा अट्टाहास केलास की कापला जातो तो बाळाला धरणारा माणूस. बाळ तेवढं राहतं, धरणारे हात कुणाचे ते कळत नाही.

जागा आधी आणि फोटो मागून, ही काही कॉम्प्युटरची अक्कल नाही. मार्क ट्वेन या अमेरिकी लेखकानं १८७३ साली आयत्या डिंकाच्या पट्ट्या असलेल्या चिकटवहीचं पेटंट घेतलं होतं. पट्टी ओली करायची आणि कात्रण दाबायचं. आपल्याकडे काळ्या जाड कागदाचे अल्बम होते, फोटोला चार कोपरे लावायचे आणि पानांमध्ये बटर पेपर. पण मला विचारशील तर सगळ्यात चांगलं पान आपल्या ओसरीवर लटकतंय. ती मोठी तसबीर आठव. मधे आजोबांचा फेट्यातला फोटो, तो तेवढा स्टुडिओत पडद्यापुढे काढलेला. काचेखाली त्याच्या भोवती आत्यांच्या लग्नातले दोन-तीन, एक सिद्धटेकला भीमेच्या घाटावरचा. काचेखालची जागा संपली, मग माणसं काचेवर आली. लाकडी पट्टीच्या फटीत खोचलेले पासपोर्ट फोटो, कडा वाळून पुढे वळलेल्या. काका सैन्यात भरती झाला तेव्हाचा तिथे आहे, आणि तुझ्या दहावीच्या फॉर्मला लावून उरलेला तूही तिथेच आहेस, दोन वेण्या आणि भेदरलेले डोळे. ते पान कुणी आखलं नव्हतं. जो आला त्याला फटीत जागा झाली.

तुझ्या पानात अशी एक फट ठेव, एवढंच माझं म्हणणं.

आता रोजच्या फोटोचं. तुला वाटेल हे शहरातल्या लोकांचं खूळ आहे, पण रोजचा फोटो आपल्या तालुक्यानं चांगला पाहिलाय. रोजगार हमीच्या सार्वजनिक कामांवर १ जानेवारी २०२३ पासून मजुरांची हजेरी मोबाइलच्या ॲपवरच घ्यायची सक्ती झाली, दिवसातून दोन फोटो, वेळ आणि ठिकाणासकट. ज्या योजनेला आपल्या राज्यानं १९७२च्या दुष्काळात हात घातला, तिच्यावर राबणाऱ्या माणसांचे इतके फोटो आधी कधीच निघाले नसतील. बांधावर ओळीनं उभे, पायाशी घमेली, तोंडावर ऊन. फोटो सकाळी, फोटो दुपारी. पण त्यातला एकही त्या माणसाचा म्हणून काढलेला नाही. तो हजर होता, एवढंच त्यातून कळतं.

तुझ्या बेताला माझी भीती हीच आहे. पहिला महिना हौसेनं जातो. मग रात्री अकराला आठवतं, की आजचा राहिला. बाळ झोपलेलं असतं, फ्लॅश मारायचा, खिडकी भरायची. तो फोटो नव्हे, हजेरीच्या मस्टरवरचा अंगठा आहे. पण मस्टरच्या दोन गोष्टी मात्र तू जरूर घे, तारीख आणि ठिकाण. तारीख मोबाइल आपोआप फायलीत नोंदवतो, ठिकाण मात्र लोकेशन चालू असेल तरच. फक्त व्हॉट्सॲपवरून फिरून आलेल्या फोटोत ती नोंद राहत नाही आणि फोटोही दाबून बारीक झालेला असतो. म्हणून जावईबापूंनी किंवा सासूबाईंनी काढलेला फोटो पाहिजे असेल तर डॉक्युमेंट म्हणून मागव. फायलीचं नाव आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असं दे, म्हणजे फायली आपल्या आपण ओळीत लागतात.

पानाचा साचाही एकच ठेव; तोच तो का वापरायचा, ते आपल्या दुकानात बघ. दरवर्षी दसऱ्याला मी कॅमेऱ्यांची पूजा मांडतो आणि त्याचा एक फोटो काढतो. काउंटरच्या आतून, दाराकडे तोंड करून, दरवर्षी त्याच जागी उभा राहून. पाटावर आधी एकटा याशिका होता, मग रोलचा निकॉन आला, मग डिजिटल. फ्लॅशची छत्री एका वर्षी आहे, पुढच्या वर्षी नाही. झेंडू तोच. मात्र मागे दारातून दिसणारा नगर-सोलापूर रस्ता बघ: एका वर्षी झाडं आणि एसटी, पुढे उकरलेली माती, आणि आता रुंद काळी पट्टी. मी रस्त्याचा फोटो कधी काढलाच नव्हता. चौकट हलली नाही म्हणून रस्ता त्यात सापडला. उद्या कोन बदलला, फुलांची वेगळी आरास केली, दरवर्षी नवी डिझाइन लावली, तर बघणारा आरासच बघत बसेल.

जेमी लिव्हिंगस्टन नावाचा एक अमेरिकी छायाचित्रकार होता. ३१ मार्च १९७९ पासून तो पोलरॉइड कॅमेऱ्यानं दिवसाला एक फोटो काढायचा. मित्र, जेवण, रस्ता, जे असेल ते. कॅन्सर झाला तरी सोडलं नाही. २५ ऑक्टोबर १९९७ला, त्याच्या वाढदिवशीच तो गेला, तोपर्यंत सहा हजारांवर फोटो झाले होते. त्याचं टेम्पलेट म्हणजे त्या कॅमेऱ्याचाच कागद: चौकोनी चित्र, भोवती पांढरी कडा, खालची कडा जरा रुंद. अठरा वर्षं दुसरी चौकट नाही. आज तुझ्या फोल्डरमध्ये 'पोलरॉइड फ्रेम' म्हणून जी आहे ना, तीच ती. ती घे. बॉस्टनकडचा कार्ल बेडन १९८७पासून रोज स्वतःचा चेहरा टिपतोय, तेच अंतर, तोच उजेड, मागे काही नाही. तोही सुरुवातीच्या काही वर्षांत एक दिवस विसरला, आणि ती जागा तशीच रिकामी राहिली. विसरलेला दिवस दुसऱ्या दिवशीच्या फोटोनं भरायचा नसतो. तुझी एखादी खिडकी मोकळी राहिली तर खाली लिही, 'ताप होता, रात्र जागून काढली'. पुढे तीच ओळ लोक आधी वाचतील.

आता कामाचं बोलू. एकच पान निवड आणि वर्षभर तेच ठेव. आठ जागांचं घे, सात दिवसांच्या सात खिडक्या आणि एक जागा लिहायला. सातातली एक मोठी असू दे; त्या आठवड्यात कुठला दिवस मोठा होता ते रविवारी ठरव, रोज ठरवू नकोस. पान बारा बाय बारा इंचाचं आणि तीनशे डीपीआयचं असेल तर ते ३६०० बाय ३६०० पिक्सेल भरतं, तेवढंच आहे ना ते आधी तपास. छोटं टेम्पलेट ताणून मोठं केलं की छापताना फसगत होते. कापणीसाठी चारही बाजूंना थोडी जागा आणि बांधणीच्या बाजूला जरा जास्त सोड. फोटो खिडकीच्या लेअरच्या वर ठेवून कंट्रोल-ऑल्ट-जी दाबलंस की तो खिडकीपुरताच दिसतो, मूळ फोटो कापला जात नाही, आत सरकवून चेहरा मधे आणता येतो. एक जानेवारीची वाट बघू नकोस. ज्या वारी बाळ जन्मलं, त्या वारापासून तुझा आठवडा सुरू कर.

मजकूर मराठीतच लिही, पण टेम्पलेटमधला इंग्रजी फॉन्ट तसाच ठेवून टाइप करू नकोस, नुसते चौकोन दिसतील. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्तीत टाइपच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांचा पर्याय निवडला नाही तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते आणि जोडाक्षरं मोडतात. 'हार्दिक शुभेच्छा'ची दुर्दशा तू चौकातल्या फ्लेक्सवर बघितलेलीच आहेस. मुंबईच्या एक टाइप या गटानं केलेले मुक्ता आणि बालू हे फॉन्ट मोफत मिळतात, जोडाक्षरं नीट येतात. मला मुक्ता साधा म्हणून आवडतो.

त्या फोल्डरमध्ये छोटी कार्डंही आहेत, पहिला दात, पहिलं पाऊल, पहिला ख्रिसमस. दात आणि पाऊल घे. बाकीची तूच बनव: पाचवी, बारसं, कान टोचले, उष्टावण, बोरन्हाण, जावळ. बारशाच्या घुगऱ्या वाटतानाचा फोटो कुठल्याही तयार कार्डात बसणार नाही, आणि हलव्याच्या दागिन्यांत कावलेलं बाळ तर जगात दुसरं कुणी काढणार नाही. फोटोखाली 'गोड क्षण' असलं काही लिहू नकोस. कुणाची मांडी, कुणाचं घर, झबलं कुणी शिवलं, ते लिही. नावासकट लिही. माझ्याकडे प्रिंट घेऊन येणाऱ्यांना फोटोतला माणूस ओळखता येत नाही, तेव्हा ती प्रिंट उलटी करतात. मागे आपल्या दुकानाचा शिक्का असतो, 'जि. अहमदनगर'. जिल्ह्याचं नाव बदललं, शिक्का राहिला, त्यावरून निदान काळ तरी कळतो. माणसाचं नाव कुणीच लिहिलेलं नसतं.

आणि रोज बाळाच्याच तोंडावर कॅमेरा नको. ते ज्या पंख्याकडे टक लावून बघतं तो पंखा काढ. दोरीवर वाळणाऱ्या लंगोटांची रांग काढ. एक खिडकी दर आठवड्याला तुझी असू दे. मोबाइल दुसऱ्याच्या हातात दे आणि तू फोटोत ये. मी तुझे एवढे फोटो काढले, त्यात मी कुठे आहे? कानगुडवाडीच्या रस्त्यावर तू सायकल शिकत होतीस त्या फोटोत माझी सावली तेवढी आलीय, लांबलचक.

महिन्याच्या महिन्याला पाकळ्यांनी आकडा मांडून मधे बाळ झोपवतात, तेही करणार म्हणालीस. कर बापडी. आईला ते फार आवडतं. माझ्या मते त्यात आकडा दिसतो, बाळ त्या दिवशी कसं होतं ते दिसत नाही, पण आजीच्या हौसेपुढे फोटोग्राफरचं कोण ऐकतं.

संक्रांतीनंतर बोरन्हाणाला इकडेच या. हुरडाही तेव्हा असेल. त्या आठवड्याची मोठी खिडकी मी भरीन, बाकीच्यांत हात घालणार नाही. पहिली दोन पानं झाली की मला पाठव, छापायला टाकण्याआधी कडेची जागा मी एकदा मोजून बघतो. मूळ फोटो मोबाइलमधून पुसू नकोस. येताना हार्ड डिस्क घेऊन ये, एक प्रत इथल्या कपाटात राहू दे.

जावईबापूंना नमस्कार, सासूबाईंनाही सांग. बाळाला आजोबांचा पापा.

तुझे,
अण्णा