खिळे जुळवणाऱ्या हाताचं ज्ञान

साकीनाक्याच्या गाळ्यांतल्या छपाईच्या धंद्यात ट्रेडल मशीन उरलं आहे ते पावतीपुस्तकांवर नंबर टाकायला किंवा डाय लावून खोकी कापायला. शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून मजकूर छापणं जवळपास संपलं, आणि त्यातला आनंद आपण जुन्या आठवणींच्या खात्यात टाकून मोकळे झालो. मला हे पटत नाही. तो आनंद जाणण्याचा आहे. देवनागरी हाताला जशी कळते, तशी पडद्यावर कळत नाही.

खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं, म्हणून अंगठा खिळ्याची खाच चाचपतो आणि न बघता बाजू ओळखतो. जुन्या मुंबई पद्धतीत एक ओळ तीन थरांत उभी राहायची: मधे अक्षर, वर मात्रा-अनुस्वार, खाली उकार. जोडाक्षरं धरून शेकडो खिळ्यांच्या जागा बोटांना पाठ होत. दोन शब्दांमधली मोकळी जागासुद्धा शिशाचीच. ती कमी पडली तर ओळ सैल राहते आणि जुळवलेल्या मजकुराचा फर्मा उचलताना खिळे गळतात. जास्त झाली तर शेजारच्या ओळींवरची पकड सुटते. समास, अंतर, ओळीची लांबी या गोष्टी इथे मर्जीवर चालत नाहीत, धातू लगेच उत्तर देतो. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये सुरू केलेल्या निर्णयसागर छापखान्याची पानं आजही डोळ्यांना सुखावतात, त्यामागे राणोजी रावजी आरूंनी कोरलेल्या अक्षरांइतकीच जुळाऱ्यांची ही शिस्त आहे.

यावर रास्त आक्षेप असा, की हे कौतुक पोटासाठी दिवसभर खिळ्यांच्या खणांपुढे, म्हणजे केसपुढे, उभं न राहिलेल्यांचं आहे. शिसं, अधू होणारी नजर, तुटपुंजी मजुरी हे सगळं खरं आहे, आणि ते दिवस परत यावेत असं मी म्हणणार नाही. पण ते हाल कामाच्या तासांचे, कोंदट हवेचे, मजुरीचे होते, कौशल्याचे नव्हते. दुसरीकडे, आज महागड्या पत्रिकांवर खोल उमटवलेला ठसा म्हणजेच लेटरप्रेस (खिळ्यांची छपाई), असंही समजलं जातं. जुना मशीनमन तोच दाब दोष मानायचा, कारण त्याने खिळे झिजतात. शाई कागदाला टेकावी, खिळा कागदात रुतू नये, हा त्याचा हिशेब. हा हिशेब हाताने केल्यावरच कळतो, म्हणून उपयोजित कला आणि मुद्रण शिकवणाऱ्या प्रत्येक संस्थेने एक केस, एक जुळणीची स्टिक, एक ट्रेडल चालू ठेवावं, आणि विद्यार्थ्याने संगणकावर फाँट रेखाटण्याआधी मराठीचं एक पान तरी हाताने जुळवावं.