खांद्याचं माप आधी

बडोद्याच्या कारेलीबागेत माझ्याकडे आल्टरचं काम आणणारे बहुतेक जण कमरेशी कापडाची चिमूट धरूनच उभे राहतात. “काकी, एवढं आत घ्या.” मी टेप आधी खांद्यावर लावते. वजन उतरलं की कंबर सैल होते, हे सगळ्यांना दिसतं. पण गळ्याखालचं, पाठीचं अंगही उतरतं आणि खांद्याची शिवण हाडावरून दंडावर घसरते. अशा वेळी नुसत्या बाजू दाबल्या, तर पोटाशी बसतं आणि काखेत चुण्या राहतात.

युनिव्हर्सिटीत शिकवणाऱ्या एक बाई या पावसाळ्यात कुर्त्यांचं गाठोडंच घेऊन आल्या. साखर निघाल्यापासून त्या रोज सकाळी कमाटीबागेत चालतात. आमच्या भागातली निम्मी माणसं तिथे चालूनच बारीक होतात. वजन अजून उतरतंय म्हणाल्या, पण निळा खादीचा कुर्ता त्यांना लगेच हवा होता. मी बाह्या उसवल्या, मुंढा खडूने आत आखला, धावदोरा घालून बाही अंगावर पाहिली आणि मगच टीप मारली. बाजूची प्रत्येक शिवण अर्धा इंच आत गेली की घेर दोन इंचांनी कमी होतो. हे विसरून पुष्कळ कपडे आवळले जातात. कटाच्या कडाही उसवून नव्याने दुमडायच्या, नाहीतर कट सुरू होतो तिथे कापड फुगतं.

पुरुषांच्या पँटीला मागची शिवण दोन इंचांपर्यंत ऐकते. त्यापुढे मागचे खिसे एकमेकांजवळ येतात, बाजूचे खिसे पाठीकडे ओढले जातात. मग पट्टा काढा, आसन पुन्हा आखा. मजुरी इतकी होते की नवी घ्या, असंच मी सांगते.

आत घेतलेली माया मी कापत नाही. “आता परत जाड होणार नाही,” असं गिऱ्हाईक कितीही ठामपणे म्हणालं तरी. आजारातून उठलेलं माणूस भरतं, भरावंच. मुंढ्यात मात्र जास्तीचं कापड रुततं, तिथे कात्री लावावीच लागते, आणि कापलेला खांदा परत वाढवता येत नाही. म्हणून माप आधी खांद्याचं घेते, पण वजन दोन-तीन महिने एका जागी थांबल्याशिवाय तिथे हात घालायला मला आवडत नाही.

बाईंच्या बाकीच्या कुर्त्यांना सध्या बाजूने लांब टाक्यांची टीप मारून दिली आहे, सहज उसवेल अशी. खांद्यांसाठी दिवाळीनंतर या म्हटलं. नवरात्रापर्यंत चणियाचोळीच्या कामातून मलाही डोकं वर काढता येत नाही.