१ जूनचा माणूस

लिंडहोल्मेनच्या धक्क्यावरून योता नदी ओलांडणारी बोट फुकट आहे. मार्च लागला होता, तरी नदीवरचा वारा कान बधिर करत होता. दूर पश्चिमेला एरिक्सबर्गच्या बंद पडलेल्या जहाजबांधणी कारखान्याची नारिंगी क्रेन दिसत होती. बाकीचे प्रवासी ती बघत होते. बायको मात्र पिशवीतले कागद पुन्हा चाचपत होती. पासपोर्ट, निवास परवाने, भाडेकरार, मुंबईहून शिक्के मारून आणलेला लग्नाचा दाखला.

गोथेनबर्गला राहायला आलो आहोत हे सांगायला आम्ही निघालो होतो कर खात्याकडे. स्वीडनमध्ये माणसांची नोंद पोलीस ठेवत नाहीत, महापालिकाही नाही. स्कॅटेवेर्केट, म्हणजे कर गोळा करणारे खातेच ती ठेवते. किमान एक वर्ष राहणार असाल तर ते तुम्हाला रहिवासी मानते आणि ‘पेर्सोननुम्मेर’, म्हणजे ओळख क्रमांक, देते. १९९१ पर्यंत नोंदींची ही वही चर्चच्या हाती होती. १६८६ च्या कायद्याने गावोगावच्या पाद्र्यांना ती ठेवायला लावली: जन्म, लग्न, मृत्यू, कोण कुठून आला, कुठे गेला. शिवाय घरोघर जाऊन कोणाला वाचता येते आणि धर्माचे धडे कोणाला पाठ आहेत, हेही पाद्री लिहून ठेवत. आपले नाशिकचे तीर्थोपाध्याय नामावळ्या ठेवतात, तसेच. फक्त इथे यजमानाने वहीपाशी जायचे नाही, वहीने त्याच्या दाराशी यायचे.

कार्यालयात टोकन घेऊन बसलो. आरडाओरडा नाही, झेरॉक्सवाला नाही, ‘साहेब जेवायला गेलेत’ नाही. खिडकीतल्या बाईंनी कागद पाहिले आणि इंग्रजीत विचारले, “जन्मतारीख १ जून, बरोबर?”

मी “हो” म्हटले. बायकोने माझ्याकडे पाहिले.

तिला आणि आईला माहीत आहे, मी पोळ्याच्या आदल्या रात्री जन्मलो. श्रावण संपता संपता. पण शाळेत नाव घालताना मास्तरांनी १ जून लिहिले, कारण शाळा जूनमध्ये सुरू होई आणि वयाचा हिशेब जुळे. आमच्या पिढीत खानदेशातल्या निम्म्या गावाचा वाढदिवस त्याच दिवशी येतो. आजवर त्याने काही बिघडले नव्हते. आधारच्या बारा आकड्यांत जन्मतारीख नसतेच. पहिले आधार २०१० साली दिले गेले तेही आमच्याच बाजूला, नंदुरबारच्या टेंभलीत.

स्वीडनचा क्रमांक १९४७ पासूनचा, आणि तो वय सांगूनच सुरू होतो. आधी जन्माचे वर्ष, महिना, दिवस. मग चार आकडे. त्यांतला तिसरा पुरुषाला विषम, बाईला सम. शेवटचा आकडा आधीच्यांच्या गुणाकार-बेरजेतून निघतो, म्हणजे लिहिताना चूक झाली तर पकडली जाते. मास्तरांची लबाडी मात्र या गणितात बेमालूम बसते. आणि मी एकटा नाही. ज्या देशांत जन्मनोंद नसते तिथून आलेल्या किती तरी जणांना १ जानेवारी मिळाली. एका तारखेला हजाराच्या आतच क्रमांक निघतात, त्यामुळे काही वर्षांच्या १ जानेवारीचे क्रमांक संपले आणि नंतरच्यांना शेजारची तारीख द्यावी लागली. सरकारने अधिकृतपणे मास्तर व्हावे, हे मला फार आवडले.

क्रमांकाचे पत्र यायला काही आठवडे लागले. ते दिवस विचित्र होते. क्रमांक नाही तर बँक खाते अवघड, खाते नाही तर बँक-आयडी ही डिजिटल ओळख नाही, ती नाही तर मोबाइलवरून पैसे द्यायचे ‘स्विश’ नाही. हागा भागातल्या जुन्या बाजारात एका आजीबाईंकडे पितळी दिवा आवडला. मी नोट पुढे केली, तर त्यांनी पुठ्ठ्यावरचा स्विशचा आकडा दाखवला. दिवा तिथेच राहिला.

पत्र आले ते माझ्या आणि वडिलांच्या नावाने मिळून. पासपोर्टात दोन्ही एकाच रकान्यात आहेत. दारावर आडनाव लावले होते म्हणून ते पोचले तरी. मग ओळखपत्रासाठी पुन्हा बोट. ४०० क्रोना, फोटो, आणि भिंतीला टेकवून उंचीही मोजली.

इथे माणसाचे वय, पत्ता, भरलेला कर कोणालाही विचारता येतो. सरकारी कागद लोकांसाठी खुले ठेवण्याचा कायदा १७६६ चा आहे. पगार विचारला की विषय बदलणाऱ्या मला हे पचायला जड गेले. पण १ जूनला सकाळी बेल वाजली. शेजारच्या बाई दारात, हातात स्ट्रॉबेरीचा केक. तारीख त्यांनी इंटरनेटवर पाहिली होती. मी आभार मानले, केक कापला, मोठा तुकडा खाल्ला.

त्या गेल्यावर बायको म्हणाली, “पोळ्याच्या आदल्या दिवशी पुन्हा बोलवा त्यांना. पुरणपोळी मी करते.”