जहाजावरील भोजनाचा पोषाख

सातपुड्याच्या डोंगरांत जन्मलेल्या माणसानें जहाजावर जेवावयास जातांना कोणता पोषाख करावा ह्याविषयीं लेख लिहावा, हें पाहून धडगांवच्या पुष्कळ वाचकांस हंसूं येईल. आमचा समुद्राशीं संबंध तो काय? तालुक्याच्या उत्तरेस नर्मदा वाहते, तिच्यांत होड्या चालतात; एवढीच काय ती आमची नौकानयनाची विद्या. परंतु दोन वर्षांपूर्वीं ह्याच प्रश्नानें मला आठ दिवस झोंप येऊं दिली नाहीं, आणि त्याचें जें उत्तर मीं काढलें तें चुकलें. ती चूक कबूल करावी, आणि आपणांपैकीं कोणावर असा प्रसंग आल्यास त्यास उपयोग व्हावा, ह्या दुहेरी हेतूनें हे चार शब्द लिहीत आहें.

माझा धाकटा भाऊ मुंबईस नोकरीस असतो. त्यास बढती मिळाली तेव्हां त्यानें आईस व मला मुंबईहून गोव्यास जाऊन परत येणाऱ्या एका प्रवासी जहाजाचीं तिकिटें पाठविलीं. हल्लीं मुंबई बंदरांतून अशीं सहलीचीं जहाजें सुटतात. कोठें पोहोंचावें म्हणून नव्हे, तर चार दिवस जहाजावर राहावें म्हणूनच लोक त्यांत बसतात. तिकिटांसोबत एक छापील सूचनापत्र होतें. त्यांत लिहिलें होतें कीं, सायंकाळीं भोजनगृहांत आंखूड विजार, बिनबाह्यांचा सदरा, पोहण्याचे कपडे व रबरी चपला चालणार नाहींत. रोजचा पोषाख नीटनेटका असावा. आणि एके रात्रीं समारंभाचें भोजन आहे, त्या वेळीं पुरुषांनीं कोट व नेकटाय घालावी. एवढें वाचतांच माझी छाती दडपली. पत्राची घडी करून मीं तें खिशांत ठेविलें.

मी पेशानें शिक्षक. म्हणून भीति वाटली कीं पुस्तकें उघडावयाचीं, ही माझी जुनी खोड. ह्या रीतीचें मूळ काय, तें मीं शोधूं लागलों. इंग्रज सरदार-सावकारांच्या घरीं रात्रीच्या भोजनास निराळा पोषाख करण्याची चाल होती. विलायतेस जाणाऱ्या मोठ्या आगबोटींच्या पहिल्या वर्गांत तीच चाल आली. दिवसभर कोणी कसाही वावरो, रात्रीं मात्र काळा कोट चढवूनच मेजावर यावयाचें. ह्यांतही एक सोईची सूट असे. पहिल्या रात्रीं पेट्या उघडलेल्या नसतात व शेवटच्या रात्रीं त्या बांधून झालेल्या असतात, म्हणून त्या दोन रात्रीं साधा पोषाख चाले. भोजनाच्या आंखूड काळ्या कोटास अमेरिकेंत ‘टक्सेडो’ म्हणतात. न्यूयॉर्कजवळच्या टक्सेडो पार्क ह्या ठिकाणीं १८८६ च्या सुमारास त्याची टूम निघाली, तेव्हां गांवाचें नांव कोटास पडलें. आज ‘क्वीन मेरी २’ सारख्या थोड्या जहाजांवर समारंभाच्या रात्रींचा थाट टिकून आहे. इतर बहुतेक ठिकाणीं स्वच्छ व सभ्य कपडे एवढीच अपेक्षा असते.

वाचतां वाचतां मला महात्मा गांधींची हकीकत आढळली, आणि धीर येण्याऐवजीं भीति वाढली. सन १८८८ च्या सप्टेंबरांत अठरा वर्षांचे मोहनदास गांधी मुंबईहून विलायतेस निघाले. आत्मचरित्रांत ते सांगतात कीं, सुरी-कांटा कसा धरावा हें ठाऊक नसल्यामुळें, आणि कोणते पदार्थ निर्मांस आहेत हें विचारण्याचें धैर्य नसल्यामुळें, ते जेवणाच्या मेजावर गेलेच नाहींत. बरोबर नेलेल्या मिठाईवर व फळांवर त्यांनीं आपल्या खोलींतच निर्वाह केला. जहाजावर ते काळा पोषाख घालीत. पांढरा फ्लॅनेलचा पोषाख विलायतेच्या भूमीवर पाऊल ठेवतांना शोभेल म्हणून त्यांनीं राखून ठेविला होता. उतरले तेव्हां सप्टेंबर सरत आला होता, आणि पांढऱ्या कपड्यांतले तेच एकटे निघाले! सामान दुसऱ्याच्या स्वाधीन केलेलें. त्यामुळें कपडे बदलतांही येईनात. एवढ्या मोठ्या पुरुषाची ही गत, तर आमची काय कथा, असें माझ्या मनानें घेतलें.

माझ्यापुरता प्रश्न मीं नंदुरबारच्या बाजारांत सोडविला. काळा कोट शिवून घेतला, नेकटाय घेतली, आणि बोटें चेंगरणारे चकचकीत बूट घेतले. राहिली आई. ती पावरा स्त्रियांच्या रीतीप्रमाणें लुगडें नेसते. तिच्या गळ्यांत चांदीची जाड हासळी असते, हातांत चांदीचीं कडीं असतात. ती हासळी तिच्या आईनें तिला लग्नांत घातलेली. गुजरातेंतील सरदार सरोवर धरणाच्या फुगवट्यानें आपल्या अक्राणी व शेजारच्या अक्कलकुवा तालुक्यांतील ३३ गांवें बाधित झालीं. आईचें माहेर त्यांपैकीं एक. तें घर, तें अंगण, तीं मोहाचीं झाडें आज पाण्याखालीं आहेत. माहेराहून तिच्यापाशीं उरलेली वस्तु म्हणजे ती हासळी.

हें सर्व मला ठाऊक होतें. तरीही मीं तिला म्हटलें, “आई, जहाजावर मोठे लोक येतात. हासळी आणि कडीं घरीं ठेव. मीं नवें रेशमी पातळ आणलें आहे, तें तिकडच्या बायकांसारखें नेस.”

आईनें आमच्या बोलींत विचारलें, “जेवायलाच जायचें ना?”

“हो.”

“मग लोक जेवतील, कीं माझ्या गळ्याकडे पाहत बसतील?”

मीं उत्तर दिलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं धान्याच्या कणगीमागें फडक्यांत गुंडाळलेली हासळी मला दिसली.

नंदुरबारहून आगगाडीनें आम्ही मुंबईस गेलों व जहाजावर चढलों. तें जहाज म्हणजे मजल्यावर मजले रचलेला एक वाडाच होता. किनारा दिसेनासा झाला तेव्हां आई कठड्यास धरून बराच वेळ पाण्याकडे पाहत उभी होती. मग तिनें हळूच विचारलें, “ह्या पाण्याखालीं कोणाचें गांव नाहीं ना?”

“नाहीं,” मीं म्हटलें.

“मग बरें,” ती म्हणाली; आणि तेथून पुढें ती समुद्र मोकळ्या मनानें पाहूं लागली.

समारंभाची रात्र आली. कोट घालून, नेकटायची गांठ तीनदां सोडून व बांधून, बुटांत लंगडत मी भोजनगृहांत शिरलों. आई मागून नव्या पातळांत सावकाश येत होती. मेजावर कांटे, सुऱ्या, चमचे ह्यांची फौज मांडलेली. बाहेरच्या बाजूचें आयुध आधीं उचलावें, एवढा मंत्र मीं पाठ केला होता; बाकीचें सर्व लक्ष कोणी आपल्याकडे पाहत तर नाहीं ना, ह्याकडे. आई मुकाट्यानें बसली होती. तिचा हात पुनःपुन्हां गळ्याकडे जाई आणि रिकामा परत येई.

इतक्यांत शेजारच्या मेजावर एक वृद्ध मलयाळी गृहस्थ येऊन बसले. अंगांत स्वच्छ पांढरा सदरा, कमरेस जरीकांठी मुंडू. त्यांनीं हात धुतले, हातानेंच भात कालविला, आणि वाढणाऱ्या मुलाशीं ते घरच्यासारखें बोलूं लागले. मला वाटलें, आतां कोणीतरी येऊन त्यांस नियम सांगेल. कोणीच आलें नाहीं. शेवटीं न राहवून मीं भोजनगृहाच्या व्यवस्थापकास विचारलें, “ह्यांना चालतें का?” तो तरुण नम्रपणें म्हणाला, “कां नाहीं चालणार? सूचनेंत तसें छापलेंच आहे.” मीं खिशांतील पत्र काढलें, घडी उलगडली, आणि आठ दिवस न वाचलेली ओळ वाचली: कोट व नेकटाय, किंवा आपल्या प्रांताचा पारंपरिक पोषाख.

वाचकहो, त्या क्षणीं मला जी लाज वाटली तशी आयुष्यांत वाटलेली नाहीं. माझ्या आईची हासळी जहाजवाल्यांनीं काढविली नव्हती, विलायतेच्या चालीनेंही काढविली नव्हती; ती मीं काढविली होती. नियमांत जागा होती. माझ्या मनांत नव्हती.

खोलीकडे परततांना मीं आईस ती ओळ समजावून सांगितली व क्षमा मागितली. ती म्हणाली, “हासळी घरींच आहे. ती कांहीं बुडाली नाहीं.” थोड्या वेळानें पुन्हां म्हणाली, “कोट चांगला होता. पण तूं जेवला नाहींस.” तें खरें होतें. माझ्या ताटांत काय काय वाढलें होतें, हें मला आजही सांगतां येणार नाहीं.

घरीं आल्यावर मीं तींच पुस्तकें पुन्हां उघडलीं, पण ह्या वेळीं निराळ्या गोष्टी शोधल्या. ज्या १८८८ सालीं गांधी जहाजावरच्या खोलींत दडून जेवले, त्याच वर्षीं २ मार्च रोजीं पुण्यास हरि रावजी चिपळूणकर ह्यांनीं ड्यूक ऑफ कॅनॉट ह्या राजपुत्रास मेजवानी दिली. इतर पाहुणे जरीच्या व जवाहिऱ्याच्या थाटांत आले. महात्मा जोतिराव फुले शेतकऱ्याच्या वेषांत गेले, आणि ह्या देशाची खरी प्रजा खेड्यांत राहते व तिला शिक्षण हवें आहे, हें त्यांनीं राजपुत्रास तोंडावर सांगितलें. त्यापूर्वीं तीन वर्षें, १८८५ सालीं, अमेरिकेंत फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयांत तीन विद्यार्थिनींचें एक छायाचित्र काढलें गेलें: आपल्या आनंदीबाई जोशी, जपानच्या केई ओकामी व सीरियाच्या सबात इस्लामबुली. तिघीही आपापल्या देशाच्या पोषाखांत बसलेल्या आहेत. आनंदीबाई १८८३ सालीं कलकत्त्याहून जहाजानें निघाल्या तेव्हां त्याही अठराच वर्षांच्या होत्या. आणि स्वतः गांधी? १९३१ सालीं ते त्याच मुंबईहून ‘राजपुताना’ जहाजानें पुन्हां विलायतेस गेले, आणि नोव्हेंबरांत बादशहा पंचम जॉर्ज ह्यांच्या राजवाड्यांतील समारंभास पंचा व शाल ह्याच वेषांत उपस्थित राहिले. काळ्या पोषाखापासून त्या पंचापर्यंत पोहोंचण्यास त्यांस त्रेचाळीस वर्षें लागलीं. तेव्हां ह्या बाबतींत उशीर झाला म्हणून कोणी निराश होऊं नये.

ह्यावरून पोषाखाचे नियम निरर्थक आहेत असें मात्र मला म्हणावयाचें नाहीं. आमच्या डोंगरांत तरी असे नियम थोडे का आहेत? होळीस नवस फेडणारा गडी मोरपिसांचा टोप घालतो, कमरेस वाळलेले भोपळे व घुंगरू बांधतो, आणि त्यापूर्वीं कित्येक दिवस कडक नेम पाळतो. भोंगऱ्याच्या बाजारास स्त्रिया ठेवणींतली चांदी काढून येतात. रोजच्या कपड्यांत येणें त्यांस अपमानाचें वाटतें. सण मोठा, म्हणून वेष मोठा. जहाजावर पोहण्याच्या ओल्या कपड्यांनीं मेजावर बसूं नये, ह्याचेंही कारण तेंच: रांधणाऱ्याचा व पंक्तींतल्या माणसांचा मान. नियमाचा हा अर्थ ओळखावा. दुसऱ्याचा मान राखतांना आपल्या माणसाचा काढून घेऊं नये.

कोणास असा प्रवास घडल्यास थोडें व्यवहाराचें सांगतों. सूचनापत्र शेवटपर्यंत वाचावें. सायंकाळसाठीं एक स्वच्छ, इस्तरीचा जोड पुरतो. समारंभाच्या रात्रीसाठीं आपल्या घरीं लग्नास जो पोषाख घालतात तो न्यावा. भोजनगृह यंत्रानें थंड केलेलें असतें, म्हणून वडील माणसांसाठीं शाल जवळ ठेवावी. जहाज हलतें, तेव्हां पायांत घट्ट बसणारें, न घसरणारें पादत्राण असावें. नवे बूट तर मुळींच नेऊं नयेत. आणि न समजल्यास विचारावें. विचारणारा क्षणभर अडाणी दिसतो, न विचारणारा चार दिवस उपाशी राहतो.

विद्यार्थिमित्रांनो, एक गोष्ट राहिली, ती जहाजावरची नाहीं. मी ह्याच शाळेंत नववींत असतांना मला निबंधाचें बक्षीस मिळालें होतें. समारंभास पालकांस बोलावणें होतें. मीं घरीं दिवस सांगितलाच नाहीं. कारण आई तिच्या लुगड्यांत, तिच्या हासळीसह येईल व शहरांतून आलेल्या मुलांचे पालक तिच्याकडे पाहतील, अशी मला भीति वाटली. जहाजावरची चूक त्या दिवशींच सुरू झाली होती. आपणांपैकीं कोणी यंदा निमंत्रणाची चिठी दप्तरांतच ठेविली असेल, तर ती आजच घरीं द्यावी.

यंदाच्या संमेलनास माझी आईही येणार आहे. काय घालून यावें, हें मीं तिला सांगितलेलें नाहीं.