लोणारच्या काठावर बारा फोटो

मेहकरहून सुलतानपूरमार्गे एसटीने लोणारला उतरलो. गावातले दैत्यसूदनाचे मंदिर पाहून थोडे चालले, की पुढची जमीन एकाएकी संपते आणि खाली सरोवर दिसते. उल्का आदळून झालेला हा खड्डा सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. खालचे पाणी खारे, आणि काठावरच्या धारेचे पाणी गोड. बुलढाणा जिल्ह्यात राहूनही हे न पाहिलेली माणसे पुष्कळ आहेत. आमची आजी त्यातलीच. तिच्यासाठीच आम्ही घरातले पाच जण निघालो होतो.

जाताना मोबाईल पिशवीत ठेवले आणि कपाटातला जुना आगफा क्लिक थ्री बाहेर काढला. त्याला कारण होते. मागच्या वर्षी घरातला एक मोबाईल पाण्यात पडला आणि आजोबांच्या शेवटच्या दोन वर्षांतले सगळे फोटो त्याबरोबर गेले. उलट त्यांच्या तरुणपणच्या एका फोटोची निगेटिव्ह पत्र्याच्या पेटीत जशीच्या तशी निघाली. तिच्यावरून काढलेली कॉपी आज भिंतीवर आहे. आपल्या घराघरांत १९५६ सालच्या नागपूरच्या दीक्षा समारंभाचे जे फोटो लागलेले असतात, तेही त्या काळच्या कॅमेऱ्यांनी टिपले म्हणूनच आज आपल्यापुढे आहेत.

या कॅमेऱ्यात एका रोलवर चौकोनी बारा फोटो येतात. मागच्या लाल खिडकीत पुढचा आकडा दिसेपर्यंत चावी फिरवायची. ती फिरवायची राहिली तर एकावर एक दोन फोटो उमटतात. दहा फुटांच्या अलीकडे माणूस आला की चेहरा पुसट होतो. फिल्मवर चांदीच्या क्षारांचा थर असतो. प्रकाश पडेल तिथे तो बदलतो आणि औषधात धुतल्यावर काळा होतो. म्हणून निगेटिव्हमध्ये गोरा सदरा काळा आणि काळे केस पांढरे दिसतात.

बारा फोटो पाच जणांत वाटायचे म्हणजे घरात आधीच वाद. सरोवराला दोन, मंदिराला एक, धारेला एक असे ठरले. २०२० च्या जूनमध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा ते सगळ्यांनी मोबाईलवर पाहिले. क्षार वाढले, तसे क्षारात जगणारे सूक्ष्म जीव वाढले आणि पाण्याला तो रंग आला. आमची फिल्म कृष्णधवल. तिच्यावर ते गुलाबी पाणीही करडेच आले असते.

आजीला खाली उतरवणे शक्य नव्हते. तिला वरच धारेजवळ उभे केले. स्टुडिओत उभे राहतात तशी ती हात सरळ सोडून, श्वास रोखून उभी राहिली. हसायला तयार नव्हती. बटण दाबताच पोराने हात पुढे केला, "दाखवा!" पण दाखवायला काही नव्हते. तो कॅमेऱ्याच्या पाठीकडे बराच वेळ पाहत राहिला.

खर्चाचे सांगायचे तर हा छंद आपल्या खिशाचा नाही. एका रोलला हजाराच्या आसपास पडले, धुण्याचे वेगळे. पूर्वी ऊटीच्या सरकारी हिंदुस्थान फोटो फिल्म्सची 'इंदू' फिल्म मिळायची. तो कारखाना बंद झाला. कोडॅकच्याच स्टीव्हन सॅसन या इंजिनियरने १९७५ साली डिजिटल कॅमेरा बनवला आणि २०१२ साली त्याच कंपनीवर दिवाळखोरीची पाळी आली. तरी फिल्म अजून तयार होते, आणि शहरातली तरुण मुले ती पुन्हा वापरू लागली आहेत. जवळपास रोल धुणारे कोणी सापडले नाही, म्हणून तो कुरिअरने पुण्याला पाठवला. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी मोबाईलमधले निवडक दहा-बारा फोटो तरी कागदावर काढून ठेवावेत.

तीन आठवड्यांनी पाकीट आले. बारांपैकी नऊ फोटो चांगले. सरोवराचा एक तर पार पांढरा, भर दुपारच्या उन्हाने खाल्लेला. आजीचा मात्र स्वच्छ. तिने तो डोळ्यांजवळ नेऊन पाहिला आणि म्हणाली, "लुगडं हिरवं व्हतं, हे पाहनाऱ्याले कसं समजीन?"

आम्ही फोटोच्या मागे पेन्सिलीने लिहिले : लोणार, धारेजवळ. लुगडे हिरवे.