मठातल्या मराठीच्या बाई

वाँटेजच्या मठात मराठी शिकवली जात होती आणि शिकवणाऱ्या बाई पंडिता रमाबाई होत्या, हे शाळेत आम्हाला कुणी सांगितलं नाही. शाळेच्या पुस्तकात त्यांच्या वाट्याला दोनच ओळी होत्या. त्यातही निम्मा वर्ग त्यांची आणि रमाबाई रानड्यांची गल्लत करून मोकळा व्हायचा. मग पुष्कळ वर्षांनी त्यांच्या पत्रांचं जाडजूड पुस्तक हाती आलं. वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांनी जपून ठेवलेली ही पत्रं अ. भि. शहांनी संपादित केली आणि १९७७ साली आपल्या साहित्य संस्कृती मंडळाने छापली. सगळी इंग्रजीत. त्यात हा मराठीचा वर्ग भेटला आणि मी तिथेच अडकलो.

सौदा सरळ होता. १८८३ साली रमाबाई लहानग्या लेकीला, मनोरमेला, घेऊन इंग्लंडला गेल्या, त्या ‘स्त्रीधर्मनीति’ या स्वतःच्या पुस्तकाच्या पैशांवर. डॉक्टर व्हायचं मनात होतं. पण कानांनी साथ दिली नाही, ऐकू कमी येई, आणि तो बेत गळाला. राहण्याजेवण्याची सोय वाँटेजच्या सेंट मेरी मठाने केली. त्या मठाचं काम पुण्यातही चाले. हिंदुस्थानात जायच्या सिस्टरांना रमाबाईंनी मराठी शिकवायची, हा सोयीचा मोबदला. वाँटेज म्हणजे आल्फ्रेड राजाचं जन्मगाव. भर बाजारात त्याचा पुतळा, आणि जवळच मठात कुणी सिस्टर मराठीतला ‘ळ’ जिभेवर बसवते आहे. हे ‘ळ’चं चित्र माझ्या पदरचं, पण मराठी शिकायची तर त्यातून सुटका कुणाची झाली आहे?

मोबदला हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. जो फुकट जेवतो, त्याला पुढे जेवू घालणाऱ्याचं सगळं पटायला लागतं. रमाबाईंना हे इंग्लंडात कुणी शिकवायची गरज नव्हती. त्यांचं बालपण याच हिशेबात गेलं होतं.

त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांचा रोष ओढवून घेतलेला माणूस. गंगामूळच्या रानात आश्रम घालून बसले. तिथे १८५८ साली रमाबाईंचा जन्म. मग घरदार सुटलं आणि सगळं कुटुंब तीर्थांच्या वाटेला लागलं. पोट भरायचं ते पुराण सांगून. देवळाच्या ओवरीत किंवा नदीच्या घाटावर बसायचं, पोथी सोडायची, मोठ्याने वाचायला लागायचं. येणारे-जाणारे थांबत, देवाला करावा तसा पुराणिकाला नमस्कार करत. कुणी फुलं ठेवी, कुणी फळं, कुणी पैसे, कुणी तांदूळ. ऐकणाऱ्याला संस्कृत कळायलाच हवं असं काही नव्हतं. कानावर पडलं की पुण्य. आई लक्ष्मीबाई पहाटे मुलीला उठवून पाठ देत. पाठांतर इतकं की भागवताचे अठरा हजार श्लोक मुलीच्या तोंडी होते, असं सांगतात. मला त्या संख्येपेक्षा ती पहाट जास्त खरी वाटते. दिवसभर चालायचं, रात्री मिळेल तिथे पडायचं आणि उजाडायच्या आत पुन्हा श्लोक. माझ्या आजोळी भागवत सप्ताहाला येणारे एक शास्त्रीबुवा होते. त्यांच्यासाठी गादी, लोड, केशरी दूध असा थाट असे. डोंगऱ्यांच्या वाट्याला तो थाट क्वचितच आला असेल. १८७४च्या सुमारास दुष्काळाने घेरलं. पुराणं पाठ होती, पण ऐकणाऱ्यांच्याच घरी दाणा नव्हता. आधी वडील गेले, मागोमाग आई, मग थोरली बहीण. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. दोघं पायी उत्तरेकडे निघाली. झेलमच्या काठी कडाक्याच्या थंडीत, अंगावर घ्यायला काही नाही म्हणून, दोघांनी वाळूत कबरीसारखे दोन खड्डे खणले, आत उतरली आणि डोकं तेवढं बाहेर ठेवून अंगावर कोरडी वाळू ओढून घेतली. १९०७ साली लिहिलेल्या साक्षीत, म्हणजे आपल्या आत्मकथनात, रमाबाई हे सांगतात, तेही कुठे आवाज न चढवता. ज्या मुलीने अशी रात्र काढली, तिला पुढे बिशपांची भीती कशी वाटावी?

वाँटेजला पोचल्यावर थोड्याच महिन्यांत सोबतीच्या आनंदीबाई भगत यांनी जीव दिला. २९ सप्टेंबर १८८३ला रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. पुण्यात गहजब झाला. त्यांची बाजू घ्यायला जोतीराव फुल्यांनी ‘सत्सार’ लिहिला. बाप्तिस्म्यामागे नेहेम्या गोऱ्यांची पत्रं होती. मूळचे नीळकंठशास्त्री, पुढे ख्रिस्ती झालेले, पंडिताशी पंडितासारखं बोलणारे. आणि होतं फुलहॅमचं एक घर. समाजाने ‘वाया गेलेल्या’ ठरवलेल्या बायकांना तिथे सिस्टर मायेने वागवत. बायबलातली शोमरोनी बाईची विहिरीवरची गोष्ट रमाबाईंना समजली, ती या बायका पाहून. तत्त्वज्ञानाने जे झालं नाही, ते एका आश्रमाने केलं. मला हे अगदी पटतं.

पण माझ्या मते खरी वाढ त्यानंतरची. रमाबाई चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात गेल्या. गणित, विज्ञान, इंग्रजी शिकायचं आणि संस्कृत शिकवायचं. तिथल्या प्रमुख डोरोथिया बील. गंमत अशी की रमाबाई जन्मल्या त्याच वर्षी बीलबाई त्या खुर्चीवर बसल्या होत्या. रमाबाईंनी पुरुषांनाही शिकवावं असा विषय निघाला, तेव्हा मुंबईचे आणि लाहोरचे बिशप आडवे आले. अशाने हिंदुस्थानात बाईंची पत जाईल म्हणे! रमाबाईंना नवल वाटलं. माझ्या शिकवण्याला वडिलांनी हरकत घेतली नाही, नवऱ्याने घेतली नाही, आणि इंग्रज घेतात, अशा अर्थाचं त्यांनी स्वच्छ लिहिलं. मला आवडलेलं पान ते.

सिस्टर जेराल्डीनना त्या ‘आजीबाई’ म्हणत. भांडण या आजीबाईंशीच सगळ्यात जास्त. त्रैक्याचा सिद्धांत जसा सांगितला जातो तसा पटत नाही. एका पुरोहितवर्गाचं जू मोठ्या कष्टाने उतरवलं, आता दुसरं घ्यायचं नाही. क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नकोत? मांसमच्छी खाणार नाही. याला आजीबाई जातीचा अहंकार म्हणत. हिंदुस्थानात राहणारी इंग्रज बाई आपल्या चालीरीती सोडते का, असा उलट सवाल येई. आणि मनोरमेला काय शिकवायचं, ते तिची आई ठरवणार. आजीबाई हवालदिल. आज्ञापालन हाच त्यांच्या मठातल्या भक्तीचा पाया, आणि ही विद्यार्थिनी प्रत्येक विटेखाली काय आहे ते बघत होती. बीलबाईंचा स्वभाव वेगळा. त्या चिडत नसत, शंकेला शंकेसारखी वागवत. शिक्षकाने शिक्षकाशी बोलावं तशी त्यांची पत्रं आहेत.

वाद घालणाऱ्याची श्रद्धा कच्ची, असं आपल्याकडेही मानतात. मला उलट वाटतं. ज्याला सोडूनच जायचं असतं, तो इतकी लांब पत्रं लिहीत नाही. आपल्या संतांनी विठ्ठलाशी काय कमी भांडणं केली?

१८८६ साली आनंदीबाई जोश्यांच्या पदवीदानासाठी रमाबाई फिलाडेल्फियाला गेल्या आणि इंग्लंडचा अध्याय संपला. मग अमेरिकेतली भाषणं, १८८९ साली मुंबईत शारदा सदन, पुढे केडगावचा आश्रम. या सगळ्या धामधुमीत १८९१ साली त्यांना उमगलं की इतकी वर्षं आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त नव्हे. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी! अशी कबुली किती धर्मोपदेशक देतील, मला शंका आहे. अखेरची वर्षं त्यांनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल साध्या मराठीत आणण्यात घालवली. छपाईचं काम केडगावच्या बायकांनी केलं. मनोरमा १९२१ साली गेली. काम हातावेगळं झालं आणि ५ एप्रिल १९२२ला रमाबाई गेल्या.

हल्ली लोक त्यांची साक्ष तेवढी वाचतात. ती चांगलीच आहे, पण उत्तरं सापडल्यावर लिहिलेली आहे. तुम्ही आधी १८८५ सालची पत्रं वाचा, आणि वाचताना आजीबाईंवर फार रागावू नका. ती सगळी भांडणं जपून ठेवली त्यांनीच.