हरिश्चंद्रगडावर नेलेली विजेची शिदोरी

हरिश्चंद्रगडावर जाण्याच्या वाटा अनेक आहेत. नळीची वाट कसलेल्या गिर्यारोहकांची, खिरेश्वराकडून तोलार खिंडीने जाणारी लांबची. साठी ओलांडलेल्यांनी मात्र अकोले तालुक्यातील पाचनईची वाट धरावी. प्रचंड कातळभिंतीच्या कडेकडेने ती वर जाते आणि सावकाश चालणारा माणूसही तीन तासांत हरिश्चंद्रेश्वराच्या मंदिरापाशी पोहोचतो. उंची सुमारे १,४२० मीटर. गड अभयारण्यात असल्याने वर हॉटेल नाही. गावकरी तंबू देतात, पिठलं-भाकरी देतात, उजेडाला सौर दिवा असतो. ज्याला यापेक्षा अधिक वीज हवी, त्याने ती पाठीवरून न्यावी.

गेल्या डिसेंबरात आम्ही पाच जण दोन रात्रींसाठी गेलो. त्यांत माझे थोरले बंधू होते. दादांना ऐकू येते ते श्रवणयंत्राच्या आधाराने, आणि ते यंत्र रोज रात्री डबीत ठेवून चार्ज करावे लागते. हाक ऐकू न येणाऱ्या माणसाला घेऊन कोकणकड्याकडे जाणे मला मान्य नव्हते. घरात पॉवर बँक होती. पण श्रवणयंत्राची डबी इतकी थोडी वीज ओढते, की काही जोडलेलेच नाही असे समजून बऱ्याच पॉवर बँका थोड्या वेळाने आपोआप बंद होतात. आमचीही होत असे. म्हणून स्वतःच एक पेटी बांधायचे ठरवले.

लिथियम आयर्न फॉस्फेटचे चार सेल घेतले. प्रत्येकी ३.२ व्होल्ट, ६ अँपिअर-तास. एकापुढे एक जोडल्यावर १२.८ व्होल्ट, म्हणजे ७६.८ वॅट-तास. तेवढ्याच साठ्याची शिशाची बॅटरी दोन किलोंच्या वर भरते आणि तिच्यातील निम्मीच वीज वापरावी असा संकेत आहे. ही पेटी किलोभराची. हे सेल इतर लिथियम सेलांपेक्षा उष्णतेत शांत राहतात आणि दोन हजारांच्या आसपास वेळा भरता येतात. सेलवर थेट डाख देऊ नये, उष्णतेने तो आतून बिघडतो. निकेलची पट्टी दुकानातून स्पॉट वेल्डिंगने जोडून घ्यावी. त्यावर बी.एम.एस. नावाची संरक्षक पट्टी, जी एखादा सेल प्रमाणाबाहेर भरू वा रिकामा होऊ देत नाही. धन टोकाला अगदी लागून १० अँपिअरचा फ्यूज. त्यापुढे मोटारीत बसवतात तसे यूएसबी सॉकेट. भार कितीही कमी असला तरी ते चालू राहते. भरण्यासाठी १४.६ व्होल्टचा चार्जर. खर्चाचे विचाराल, तर बाजारातील तयार पॉवर बँक याहून स्वस्त पडते. काटकसर हे या पेटीचे कारण नव्हे.

मीटर मात्र व्होल्टचा न घेता वॅट-तास मोजणारा घ्यावा. या सेलांचा व्होल्टेज जवळजवळ शेवटपर्यंत स्थिर असतो आणि मग एकाएकी कोसळतो. हप्ते वेळेवर भरत राहून एक दिवस अचानक बुडणारे कर्जदार मी नोकरीत पाहिले आहेत. त्यांच्या पासबुकावरूनही आधी काही कळत नसे.

तयार पॉवर बँकेवरील आकड्याबाबतही हेच. २०,००० मिलिअँपिअर-तास हा आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा, म्हणजे ७४ वॅट-तास. बाहेर ५ व्होल्टने देताना घट धरून सुमारे १२,००० हाती येतात. मी आमच्या पेटीतूनही १५ टक्के घट वजा केली, उरले ६५. दादांच्या डबीला दोन रात्रींचे सहा, दोन विजेऱ्यांना वीस. उरलेल्या ३९ मध्ये एक मोबाईल पुरता भरतो, दुसरा अर्ध्याहून थोडा अधिक. म्हणून एकच मोबाईल चालू ठेवला, चार बंद. रेंज शोधत राहणारा मोबाईल काही न करताही बॅटरी संपवतो, आणि गडावर रेंज क्वचितच सापडते.

दुसऱ्या दिवशी केदारेश्वराची गुहा पाहिली. कमरेइतक्या गार पाण्यात भव्य शिवलिंग. चार खांबांपैकी एकच शाबूत. दुपारी तंबूवाला तरुण म्हणाला, “काका, माझा फोन जरा लावता का? खालून माणसं फोन करत्यात, बंद लागला तर दुसऱ्याकडं जात्यात.” त्याचा सीझनच तो. मीटरवर बाकी पाहिली, दादांच्या रात्रीचे तीन बाजूला धरले आणि त्याला दहा वॅट-तास दिले.

सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपून कोकणकड्यावर गेलो. अर्धवर्तुळात आत वळलेला तो कडा आणि खाली कोकणात उतरणारी सावली बघताना माणूस नकळत पुढे सरकतो. अंधारताना दादाही सरकले. मागून तरुणाची हाक आली, “बाबा, तिथंच थांबा!” दादा तत्क्षणी थांबले आणि वळून म्हणाले, “ऐकलं रे.”

परतताना तरुणाने विचारले, तंबूसाठी अशी पेटी होईल का. त्याच्या गरजेला चार सेल अपुरे. आठ सेल, चार-चारच्या दोन रांगा, म्हणजे १५३.६ वॅट-तास, ४० वॅटचे सौर पॅनेल आणि या सेलांसाठीच बनवलेला सोलर चार्ज कंट्रोलर. पावसाळ्यात पॅनेलवर भिस्त नको, तेव्हा पेटी पाचनईत भरून आणावी. फ्यूज तोच, १० अँपिअरचा. सारे त्याच्याच बिलाच्या पाठीवर लिहून दिले.